कोपरवाल्या तळपदे बाई

आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. माझ्या आधी सगळ्यात जास्त शिकलेले म्हणजे बाबा, नववी. तिथपर्यंत तरी ते खरंच पोचले होते का, याबद्दल आई अजून शंका घेते.

बाबा गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर गिरगावात एका जुन्या इमारतीत लिफ्टमन झाले. आई सकाळी लोकांकडे पोळ्या करायला जायची. लालबागच्या त्या एका खोलीत आम्ही पाच जणं होतो आणि तरी बरं चाललं होतं, कारण बाबांकडे पखवाज होता. आमच्या चाळीचं भजनी मंडळ डबलबारीला जायचं. डबलबारी म्हणजे दोन बुवा समोरासमोर बसतात आणि भजनातून एकमेकांची फिरकी घेतात. बुवा कितीही हुशार असला तरी त्याच्यामागे पखवाज नीट वाजला नाही, तर समोरचा त्याला खाऊन टाकतो. बाबा वाजवायला बसले की आमच्या बुवांना कुणी खाल्लं नाही.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना बाबांच्या उजव्या हातातून वस्तू पडायला लागल्या. आधी किल्ल्या, मग कपबशा. आईने घरातली काच बंद केली, सगळं स्टील आणलं. मग शर्टाची बटणं लागेनात, तेव्हा तिने बटणं काढून टिचबटणं लावली. बाबा म्हणायचे, करंगळी झोपली आहे आणि तिच्या शेजारचं बोट अर्धं झोपलंय. शेवटी पखवाजाचे बोल चिकटायला लागले. एका रविवारी बुवा आमच्याकडे आले, चहा प्यायले, आणि जाताना दारात म्हणाले, "मधुकर, यंदा जरा आराम कर." बाबांनी पखवाजाला खोळ घातली आणि कपाटावर चढवला. तो आवाज न करता चढवला, हे मला जास्त लागलं.

डॉक्टरांनी मानेचा एमआरआय काढला. मानेत झीज निघाली. बाबांच्या गळ्यात पट्टा आला आणि दीड वर्ष राहिला. पट्ट्यामुळे त्यांना खाली बघता येईना, म्हणून ते सगळ्यांशी आकाशाकडे बघत बोलायचे. चाळीतले लोक म्हणत, मधुकर अलीकडे फार गर्वाने वागतो. करंगळी मात्र झोपलेलीच. शेवटी मानेचं ऑपरेशन ठरलं, तारीखही मिळाली. बाबा म्हणाले, "मान कापून घेतंय, पण माका पखवाज होयो."

बाबांचा पट्टा नवा होता त्याच दिवसांत मी पदवी घेऊन परळच्या एका हॉस्पिटलात नसांची टेस्ट शिकायला गेले. त्या खोलीत तळपदे बाई होत्या.

बाई म्हणजे पाच फुटांना दोन बोटं कमी, घट्ट अंबाडा, सुती साडीवर पांढरा कोट, आणि गळ्यात शिंप्याची टेप. डॉक्टरांच्या गळ्यात स्टेथोस्कोप असतो त्याच दिमाखात. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "बाई, शीर दबली असेल तर या मशीनवर कळतं ना?"

"शीर?" बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चप्पल घालून देवघरात गेले होते. "शिरेत रक्त असतं. ही नस. हिच्यात हुकूम असतो. बस इथे, हात दे."

त्यांचा नियम होता, शॉक खाल्ल्याशिवाय कुणाला शॉक द्यायचा नाही. त्यांनी माझ्या करंगळीखालच्या मांसल भागावर पट्टी चिकटवली, मनगटाशी दोन टोकांचा काटा धरला आणि बटण दाबलं. माझी करंगळी माझी परवानगी न घेता बाजूला उडाली. मग कोपराच्या थोडं खाली. मग कोपराच्या थोडं वर. दर वेळी करंगळी उडायची आणि पडद्यावर एक डोंगर उमटायचा. शॉक दिल्यापासून डोंगर उठेपर्यंत किती वेळ गेला ते मशीन सांगतं. दोन जागांमधलं अंतर टेपने मोजायचं, त्याला वेळेच्या फरकाने भागायचं, की नसेतून हुकूम किती वेगाने धावतो ते कळतं.

"एकसष्ट," बाई म्हणाल्या. "सेकंदाला एकसष्ट मीटर. छान."

त्या दिवसापासून माझं नाव एकसष्ट पडलं. बाईंना माणसांची नावं लक्षात राहत नसत, वेग राहत. "छप्पन्नला सांग, ओपीडीचे पेपर पाठव." "आज चौसष्टचा मूड नाही." विभागाचे प्रमुख त्रेपन्न होते आणि एक शिकाऊ डॉक्टर चौसष्ट, यावरून प्रमुख खरंच थोडे खट्टू असायचे. दर सहा महिन्यांनी ते येऊन, सहज आल्यासारखं दाखवून, हात पुढे करत. "बघा बरं, मशीन नीट चालतंय का." मशीन नीट चालत असे. त्रेपन्न.

बाईंचं सगळं प्रेम एकाच नसेवर होतं. करंगळीकडे जाणारी, कोपरामागून वळसा घेणारी नस. कोपर कशावर आपटलं की जी झिणझिणी थेट करंगळीत उतरते, ती तिची बोंब. इतर नसा, बाईंच्या मते, मांसाच्या गाद्यांवर लोळत जातात. ही एकटी हाडाच्या कडेवरून जाते, अंगावर नुसती कातडी, आणि तुम्ही लोक तिला टेबलावर दाबून मोबाईल बघत बसता! हे त्या कँटीनमध्ये अनोळखी माणसांना सांगत. चालता चालता थांबून, टिचकी मारून, "कोपर उचला." लोक घाबरून उचलत. बसमध्ये खिडकीवर कोपर ठेवून बसलेल्या एका गृहस्थाला त्यांनी उठवलं होतं. त्याला वाटलं, बाईंना लेडीज सीट हवी आहे. तो उठला, बाई उभ्याच राहिल्या आणि म्हणाल्या, "बसा, बसा. नुसता हात आत घ्या."

गळ्यातल्या टेपमुळे एकदा एक मावशी टेस्टच्या रांगेत ब्लाऊजचं कापड घेऊन बसली होती. नंबर आल्यावर म्हणाली, "बाही जरा सैल ठेवा." बाईंनी तिची टेस्ट केली, चिठ्ठी लिहिली आणि चिठ्ठीच्या मागे बाहीचं मापही लिहून दिलं. "बाही साडेनऊ इंच, नस अठ्ठावन्न. दोन्ही उत्तम."

बाईंचं वैर मात्र एसीशी. मशीनला थंडावा हवा आणि नसेला ऊब, आणि दोघांना एकाच खोलीत नांदवायचं. हात गार असला की नस आळसावते, वेग कमी येतो आणि चांगला माणूस आजारी ठरतो. एकदा वरळीचे एक बडे साहेब आले. मोठ्या गाडीतून, सोबत फाइल धरायला एक आणि फोन धरायला एक माणूस. बाईंनी त्यांचा हात हातात घेतला आणि टाकला.

"हा हात आहे की बर्फातलं पापलेट?"

त्यांनी कँटीनमधून चहाचा गरम ग्लास मागवला आणि साहेबांच्या हातात दिला. "दहा मिनिटं धरून बसा." बाई पुढच्या पेशंटकडे वळल्या. वळून बघतात तर साहेबांनी चहा पिऊन टाकलेला. दुसरा ग्लास आला. तोही प्यायले.

"अहो, तो प्यायचा नव्हता!"

"मग? चहा आणि प्यायचा नाही?"

"तो तुमच्या हातासाठी होता."

तिसऱ्या ग्लासावर बाईंनी स्वतःचे दोन्ही हात साहेबांच्या हातांवर दाबून धरले आणि दहा मिनिटं तशाच उभ्या राहिल्या. फोनवाला माणूस भिंतीकडे बघत होता. आधीच्या गार हाताचा आकडा चव्वेचाळीस होता, आता चोपन्न आला. साहेब जरा निराश झाले. "म्हणजे मला झालंय काय?"

"गाडीतला एसी," बाई म्हणाल्या. "तीन नंबरवरून एकवर आणा."

आता माझी गोष्ट. माझी म्हणजे माझ्या चुकीची. मी लपवणार नाही.

एका शनिवारी बाई रजेवर होत्या आणि खोली माझ्यावर सोपवली होती. मी सात पेशंट केले, हात गरम करून केले, आणि सातही जणांना कोपराशी नस दबल्याचा रिपोर्ट तयार केला. मला वाटलं, केवढं काम केलं. सोमवारी बाईंनी सात कागद टेबलावर पत्त्यांसारखे मांडले.

"काय गं एकसष्ट, शनिवारी परळात कोपराची साथ आली होती?"

मी वरचा कागद उचलून बघितला.

"हा माणूस तर अंगठ्याला मुंग्या येतात म्हणून आलाय. अंगठ्याची नस वेगळी. त्याचंही कोपर आजारी?"

"आकडा तसाच आला, बाई."

"शॉक देताना कोपर कसं होतं?"

"वाकवलेलं. काटकोनाच्या जवळ. तुम्ही शिकवलं तसंच."

"आणि टेप लावताना?"

मी मनात शनिवार परत चालवून बघितला. टेप लावताना मी प्रत्येकाला सांगितलं होतं, काका, हात सरळ करा, मावशी, हात सरळ करा. सरळ हातावर टेप छान बसते ना.

बाईंनी कपाटातून सुतळी काढली. एक टोक माझ्या दंडाला बांधलं, दुसरं मनगटाला, मधली सुतळी कोपरामागून. हात वाकवला की सुतळी ताठ. सरळ केला की ढिली, झोळ पडलेली. "तुमच्या गॅलरीतल्या कपड्यांच्या दोरीसारखी. नस तेवढीच लांब आहे, पण सरळ हातावर तिचा झोळ टेपला दिसत नाही. तू अंतर कमी धरलंस, म्हणून वेग कमी आला. नस धावतेय बिचारी, तुझी टेप आखूड." मग अगदी शांतपणे म्हणाल्या, "सात जणांना फोन कर. हॉस्पिटल चुकलं म्हणायचं नाही. मी चुकले म्हणायचं."

मी सात फोन केले. सहा जण आले. सातवा म्हणाला, त्याला कोपर बरं वाटायलाही लागलंय.

यानंतर पंधरा दिवसांनी मी घरी डबा विसरले आणि बाबा तो घेऊन हॉस्पिटलात आले. गळ्यात पट्टा, नजर छताला. बाई दारातच होत्या. डब्याच्या पिशवीचे बंद बाबांनी अंगठा आणि दोन बोटांत अडकवले होते. उरलेली दोन बोटं आत मुडपलेली.

"हे कोण?"

"माझे बाबा."

बाईंनी कोटाच्या खिशातून बसचं तिकीट काढलं. "काका, हे अंगठा आणि पहिल्या बोटात चिमटीत धरा. बोटं सरळ ठेवून. मी ओढते, सोडायचं नाही." बाबांनी धरलं. बाईंनी ओढलं तसा बाबांचा अंगठा पेरातून वाकडा झाला आणि तिकीट निसटलं. डाव्या हाताने धरलं तर तिकीट फाटलं, पण सुटलं नाही.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मला कळलं. अंगठ्याच्या मुंग्या दुसऱ्या नसेच्या, पण चिमटीचा जोर करंगळीच्याच नसेचा. शेकडो कोपरं मी मोजली होती. आमच्या खोलीत, माझ्या समोर जेवायला बसणारं एक कोपर मी कधी हातात घेतलं नव्हतं. कारण फाइलवर 'मान' असं छापलेलं होतं, आणि नव्या ग्रॅज्युएटला छापलेल्याचा फार धाक असतो.

"काका, काम काय करता?"

"लिफ्ट चालवतंय."

"दिवसभर कोपर कुठे असतं?"

बाबांना प्रश्न विचित्र वाटला. "कोपर? माझ्याकडेच आसता."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई कामावर येण्याआधी थेट बाबांच्या इमारतीत गेल्या. त्या गिरगावातच, खोताच्या वाडीजवळ राहायच्या, त्यामुळे चालतच. त्या लिफ्टमध्ये चढल्या आणि चार वेळा वर-खाली केलं. सोसायटीचे सेक्रेटरी तळमजल्यावर वाट अडवून उभे राहिले.

"कोणाकडे जायचंय?"

"यांच्या कोपराकडे."

"या नावाचं आमच्याकडे कोणी राहत नाही."

लिफ्टमध्ये बटणांखाली एक लाकडी फळी होती. बाबा स्टुलावर बसून तिच्यावर उजवं कोपर टेकवायचे, म्हणजे बटण दाबायला हात उचलावा लागत नाही. वर्षानुवर्षं. त्या फळीला गुळगुळीत खळगा पडला होता, बरोबर कोपराएवढा. बाईंनी त्याचं माप घेतलं. पाऊण सेंटिमीटर खोल. हॉस्पिटलात येऊन मला म्हणाल्या, "तुझ्या बाबांनी सागवान झिजवलंय. नसेचं काय झालं असेल बघू. पण फळी म्हणजे पुरावा नाही. आकडा पाहिजे."

मानेच्या ऑपरेशनला नऊ दिवस उरले होते.

टेस्टला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. आईही आली, तिने देवाचा अंगारा आणला होता. बाईंनी तो लावू दिला, फक्त पट्टी चिकटवायची जागा सोडून. हात गरम पाण्यात ठेवून झाला. काटा बाईंच्या हातात. टेप त्यांनी गळ्यातून काढून माझ्या हातात दिली.

"अंतर तू मोजायचंस."

"बाई, नको. माझा हात..."

"कोपर वाकलेलंच राहू दे. बाकी देव बघेल."

पहिल्या शॉकला बाबांची करंगळी जेमतेम हलली. बाबा मात्र खूश. "गो, हालली! बघ, हालली!" दुसऱ्याला पखवाजाचा बोल ओळखल्यासारखे म्हणाले, "ह्यो धा." तिसऱ्याला, "बाईनू, जरा लयीत देवा, मी मोजतंय." बाई खरंच लयीत देऊ लागल्या. आई दारात उभी राहून दोघांकडे बघत होती आणि दोघांपैकी कुणाला आधी ओरडावं ते तिला ठरवता येत नव्हतं.

मी टेप लावली. मला इतकं वाटत होतं की आकडा कमी यावा, की माझाच माझ्यावर विश्वास बसेना. कमी आला तर मान वाचणार. आणि टेप आखूड धरायची कला तर मला येतच होती. मी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा तेवढंच.

मनगटापासून कोपराच्या खालपर्यंत सत्तावन्न. कोपर ओलांडताना एकोणतीस.

"पुन्हा," बाई म्हणाल्या.

पुन्हा केलं. तीस. मग डावा हात केला, निरोगी, सगळीकडे अठ्ठावन्न. मग बाईंनी उजव्या कोपराभोवती दोन-दोन सेंटिमीटरवर पेनाने टिपके काढले आणि एकेका टिपक्यावर शॉक देत गेल्या. पाचव्या आणि सहाव्या टिपक्याच्या मध्ये डोंगर एकदम मागे सरकला, बुटका झाला. बाईंनी तिथे गोल काढला.

"इथे बसलीय अडकून. मानेत दोष असता, तर ती नेमकी या दोन सेंटिमीटरमध्ये रेंगाळली नसती."

बाबा कितीतरी वेळ त्या गोलाकडे बघायचा प्रयत्न करत होते. पट्ट्यामुळे दिसेना. शेवटी आईने पट्टा सोडला. दीड वर्षांनी बाबांनी खाली बघितलं. "चोर हंय," ते म्हणाले, "आणि पोलीस मानेत?"

आमच्या त्रेपन्न सरांनी स्नायूत सुई घालून पुढची टेस्ट केली आणि सही केली. मानेच्या डॉक्टरांनी तो रिपोर्ट बघून, हे त्यांचं मोठेपण म्हणते मी, स्वतःच ऑपरेशन रद्द केलं. म्हणाले, झीज या वयात निम्म्या मुंबईच्या मानेत दिसते. दोन महिन्यांनी बाबांच्या कोपराचं छोटं ऑपरेशन झालं, नस मोकळी केली. बाईंनी सोसायटीला पत्र लिहून ती फळी काढायला लावली. सेक्रेटरींनी पत्राच्या विषयातलं 'कोपर' 'कोपरा' असं वाचून ते आधी वास्तुशास्त्राच्या फाइलला लावलं होतं.

हात लगेच नाही सुधारला. नस महिन्याला इंचभर चालते, असं बाई सांगायच्या. जी सेकंदाला सत्तावन्न मीटर हुकूम नेते, तिची स्वतःची दुरुस्ती मात्र अशी रांगत होते. बाबा वर्षभर रबरी चेंडू दाबत, तांदळात बोटं खुपसत बसले. आई म्हणायची, भात तरी करू द्या.

त्यातच बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात त्यांनी चाळीस लोकांचे आभार मानले, सगळे आकड्यांत. बाहेरच्या पाहुण्यांना वाटलं, बाई लॉटरी फोडतायत.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते पुढच्या वर्षीच्या डबलबारीला, परळच्या एका मैदानात. मीच बोलावलं होतं. बाई पहिल्या रांगेत बसल्या. समोरच्या बुवांनी आमच्या बुवांना असा टोमणा मारला की अख्खं मैदान हसलं. बाई हसल्या नाहीत, कारण त्यांनी तो ऐकलाच नव्हता. त्या पुढे वाकून बाबांच्या उजव्या करंगळीकडे बघत होत्या. आमच्या बुवांनी उलट टोला हाणला, पखवाज घुमला, लोक उठून नाचायला लागले. बाईंच्या मध्ये कुणाचं तरी डोकं आलं, म्हणून त्या खुर्चीवर चढल्या. पाच फुटांना दोन बोटं कमी असलेली बाई, नाचणाऱ्या लोकांच्या गर्दीत, प्लास्टिकच्या खुर्चीवर उभी, एका हाताने शेजाऱ्याचं डोकं धरून. थोड्या वेळाने त्या खाली उतरल्या, माझ्या खांद्यावर थाप मारली, "अबडक्शन चांगलं आहे, करंगळी नीट बाजूला जाते," असं म्हणाल्या आणि शीवला बहिणीकडे जायची बस पकडायला निघाल्या. भजन अर्ध्यात होतं. मागे वळून बघितलं नाही. मैदानाच्या फाटकाशी खांबाला कोपर टेकून उभ्या असलेल्या हवालदाराला मात्र थांबून काहीतरी सांगितलं, आणि त्याने हात खाली घेतला.

नंतर बाई भाचीकडे नागपूरला गेल्या. त्या खोलीत आता मी असते. बाबांची मान शाबूत आहे. उजव्या हाताचा आकडा एक्कावन्न आहे, आणि ते मंडळात पखवाज वाजवतात.